बोटांनी वाचायचा वाघ-बकरीचा पट

खडूने जमिनीवर आखलेला वाघ-बकरीचा पट पाच मिनिटांत तयार होतो. पाच आडव्या रेघा, पाच उभ्या, मधून तिरके काप, वाघ म्हणून चार खडे आणि बकऱ्या म्हणून वीस चिंचोके. हाच खेळ अजिबात न दिसणाऱ्या आणि अंधुक दिसणाऱ्या खेळाडूंना कुणाच्या मदतीशिवाय खेळता यावा म्हणून पट बनवायला घेतला, तेव्हा पहिले चार पट वाया गेले आणि पाचवा धड निघाला. त्यात मालवण-वेंगुर्ल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. घाटावर टिकणारं सामान इथे टिकेलच असं नाही.

असा पट करायला घेणारा जवळपास प्रत्येक जण ब्रेलपासून सुरुवात करतो. आम्हीही केली आणि तिथेच चुकलो. ब्रेल हे शेवटचं काम. शिवाय मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल वाचता येत नाही, आणि त्यांना खेळातून वगळायचं काही कारण नाही. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पटावर कुठे काय आहे, हे खेळाडूला स्वतःला, कितीही वेळा, काहीही न हलवता कळतं का? डोळा पंचवीस जागा एका नजरेत घेतो. बोट एका वेळी एकच जागा वाचतं, पुढच्या जागेवर जाताना मागची लक्षात ठेवतं आणि खात्री करायला परत फिरतं. एका चालीसाठी हात पटावरून तीन-चारदा फिरणार हे धरूनच चालायचं. त्यामुळे हाताखाली काहीही सरकता कामा नये.

खेळ थोडक्यात. आम्ही २५ बिंदूंचा, नेपाळात ‘बाघचाल’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार घेतला. चार वाघ चार कोपऱ्यांवर. बकरीवाला दर पाळीला एक बकरी रिकाम्या बिंदूवर ठेवतो, आणि वीसही उतरेपर्यंत पटावरची बकरी हलवता येत नाही. वाघ रेघेवरून एक बिंदू सरकतो, किंवा शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून ती खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला; चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या.

यात खरी अडचण तिरक्या रेघांची. २५ बिंदूंपैकी १३ बिंदूंवरून तिरकं जाता येतं, १२ वरून नाही. मधल्या नऊ बिंदूंतल्या पाचांना आठ वाटा, चारांना चारच. डोळस खेळाडूला हे रेघांवरून दिसतं. न दिसणाऱ्याला प्रत्येक बिंदूभोवती बोट फिरवून वाटा मोजाव्या लागल्या, तर खेळ तिथेच मेला.

माप आधी ठरवलं. पट ३०० × ३०० मिमी, दोन बिंदूंमध्ये ५५ मिमी, चारही बाजूंना ४० मिमी काठ. पहिला पट ४५० मिमीचा होता. पलीकडचा कोपरा गाठायला कोपर उचलावं लागे, आणि उचललेलं कोपर येताना मधल्या बकऱ्या पाडत येई. तीनशेच्या पटावर दोन्ही मनगटं काठावर टेकवून सगळीकडे पोचता येतं. बिंदूंमधलं अंतर ४० पर्यंत उतरवूनही पाहिलं, पण मग दोन बकऱ्यांच्या मधून बोट खाली रेघेपर्यंत जात नाही.

लाकूड १२ मिमी मरीन प्लाय. साधा प्लाय पहिल्याच पावसात कडेला फुगतो आणि थर सुटतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, तर नकोच. फणसाची एकसंध फळी दिसायला देखणी, वजनदार, टेबलावर सरकतही नाही. पण फळी पावसात रुंदीला वाढते, उन्हाळ्यात आटते, आणि भोकं गोलाची लंबगोल होतात. प्लायच्या चारही कापलेल्या कडा दोन हात सीलर देऊन बंद केल्या. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून बरेच जण टाळतात, आणि पाणी शिरतं ते तिथूनच.

प्रत्येक बिंदूवर ८ मिमी व्यासाचं, ९ मिमी खोल भोक. आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्याला ९ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळायची. मोहऱ्याच्या तळाची खुंटी ७ मिमी जाड. आम्ही आधी साडेसात केली होती. मे महिन्यात ती छान बसे, जुलैत अडके. अडकलेली बकरी ओढून काढताना शेजारच्या दोन उडतात. एक मिलिमीटरची सैल कोकणात लागतेच. लाकडी खुंटी फुगते म्हणून शेवटी नायलॉनची घेतली. भोकाचं तोंड मोठ्या पात्याने किंचित पसरट करायचं, म्हणजे खुंटी चाचपडत न बसता घसरून आत जाते. एवढ्या छोट्या बदलाने खेळाचा वेग जितका वाढला, तितका दुसऱ्या कशानेच वाढला नाही.

मॅग्नेटचं काय, असं हमखास विचारलं जातं. केला तोही पट. मोहरा चिकटतो, पण हात लागला की शेजारच्या जागेकडे घसरतो, आणि घसरलेला कळतही नाही. शिवाय खाऱ्या हवेत मॅग्नेटवरचा मुलामा सुटला की आतून गंज फुटतो.

आता रेघा. दोन मिमी रुंद खाच पाडून भागेल असं वाटलं होतं. बोटाची कातडी अरुंद खाचेवरून पुलासारखी जाते, खाली उतरतच नाही. रेघ उठावाचीच हवी. सुतळी चिकटवून पाहिली. ती घाम आणि ओल पिते, काळी पडते, तिला बुरशी येते. याचं उत्तर मासेमारीच्या बंदरावर मिळालं. सरळ रेघांना २ मिमीचा गुळगुळीत तंगूस (मासेमारीचा एकेरी नायलॉन दोरा) आणि तिरक्या रेघांना जाळ्याचा पीळ असलेला नायलॉन दोरा. बोट रेघेवर पडताक्षणी गुळगुळीत म्हणजे सरळ, खरखरीत म्हणजे तिरकी. दिशा शोधावी लागत नाही.

बसवण्याची रीत अशी. २ मिमी रुंद, १ मिमी खोल खाच मारायची, म्हणजे दोरा अर्धा आत, अर्धा वर राहतो. प्रत्येक बिंदूच्या मध्यापासून १२ मिमी जागा मोकळी सोडायची. सरळ तुकडे ४०, प्रत्येकी ३१ मिमी. तिरके १६, प्रत्येकी सुमारे ५४ मिमी. म्हणजे तंगूस दीड मीटर आणि पिळाचा दोरा एक मीटर पुरतो. तंगूस रिळावरून येतो तो वेटोळं धरूनच. गरम पाण्यात बुडवून ताणून सरळ केल्याशिवाय लावला तर रात्रीत एक टोक वर उठतं, आणि उठलेलं टोक बोटाला टोचतं. सुताराचा पांढरा गोंद नायलॉनला धरत नाही. दोन नळ्यांचं इपॉक्सी समप्रमाणात कालवून, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वजन ठेवून रात्रभर सोडायचं. दोरा आधी पॉलिश पेपरने घासून घ्यायचा. पिळाच्या दोऱ्याची टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली नाहीत, तर महिनाभरात पिंजतात.

तिरकी वाट असलेल्या १३ बिंदूंना भोकाभोवती पितळी वॉशर बसवले. लोखंडी वॉशर एका पावसाळ्यात गंजून भोकात पिवळं पाणी सोडतात. इथे एक ढोबळ चूक झाली. नेहमीचा ८ मिमी बोल्टचा वॉशर बाहेरून १६ मिमीचा असतो, आणि आमच्या मोहऱ्याचा तळ १८ मिमीचा होता. मोहरा बसला की वॉशर झाकला गेला. म्हणजे नेमकी वाघ उभा असतानाच त्याला तिरकं जाता येतं की नाही हे कळेना. शेवटी २४ मिमीचा रुंद काठाचा वॉशर घेतला आणि मोहऱ्याचा तळ १४ मिमी केला. आता मोहऱ्याभोवती पाच मिमीची कडी बोटाला लागते. या पटाची एक सोय आपोआप मिळाली: प्रत्येक सरळ रेघेच्या एका टोकाला वॉशर असतो, दुसऱ्याला नसतो. खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या डावातच ते हेरतात आणि वाटा मोजणं सोडून देतात.

मोहऱ्यांसाठी आधी घरचंच सामान वापरायचा हट्ट होता. सुपारी भोक पाडताना तडकते, न तडकलेली पावसाळ्यात किडते. काजूची बी हाताला झकास लागते, तिचा आकार विसरता येणार नाही असा. पण सालीतलं तेल कातडी भाजतं. भोक पाडलं की ते बाहेर झिरपतं. बोटांनी वाचणाऱ्या माणसाच्या हातात ते देणं म्हणजे त्याच्या डोळ्यात तिखट टाकणं. त्यामुळे हट्ट सोडला. सावंतवाडीकडे लाखकामाची लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. तसल्याच लेथवर पांगाऱ्याचे आणि आंब्याचे मोहरे करून घेतले. पांगारा हलका आणि मऊ, त्यामुळे बकऱ्यांना ठीक. वाघ आंब्याचा, जरा वजनदार.

वाघ ४० मिमी उंच, बकरी २० मिमी. फरक आकाराने दाखवावा की उंचीने, यावर बराच वाद झाला. उंची जिंकली, कारण उघडा तळवा पटापासून तीस मिमीवर आडवा फिरवला की तो फक्त वाघांना लागतो. चारही वाघ कुठे आहेत, हे एका फेरीत कळतं. बोटं मग फक्त बकऱ्या शोधतात. वाघाच्या माथ्यावर आडवी खाच दिली आहे ती नंतरची खात्री. बकरीचा माथा गोल.

पटाशेजारी दोन पट्ट्या. एकीवर पाच-पाचच्या चार रांगांत २० भोकं: हातातल्या बकऱ्या. किती उरल्या हे रांगांवरून बोटानेच मोजता येतं. दुसरीवर पाचच भोकं: खाल्लेल्या बकऱ्या. पाचवं भोक भरलं की डाव संपला, कुणी गुण मोजायला नको. सैल बकऱ्या वाटीत ठेवल्या तर प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि विचारावं लागलं की समोरच्याला आपला बेत कळतो.

आता ब्रेल. आडव्या ओळींना अ, ब, क, ड म्हणून पाहिलं. ब आणि ड बोलताना गोंधळ होतो, त्यात पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर विचारूच नका. म्हणून ओळी आंबा, काजू, नारळ, फणस, सुपारी. स्तंभ १ ते ५. मधला बिंदू म्हणजे ‘नारळ तीन’. पटावर फक्त आद्याक्षर: आ, क, न, फ, स. आकड्यांआधीचं अंकचिन्ह गाळलं, जागेवरूनच आकडा आहे हे कळतं.

दोन खेळाडू समोरासमोर बसतात, म्हणून खुणा दोन्ही बाजूंना, ज्याच्या त्याच्याकडे तोंड करून हव्यात. ब्रेल उलटं वाचता येत नाही, हे म्हणणं अर्धवट आहे. ते वाचता येतं, पण वेगळंच काहीतरी. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, प्रत्येक अक्षर सहा बिंदूंच्या चौकटीत बसतं: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. त्यात क म्हणजे बिंदू १-३. पट फिरवला की तेच ४-६ होतात, म्हणजे ख. ब उलटा झाला की अनुस्वार. दुसऱ्या बाजूच्या खेळाडूला आकडे डावीकडून ५, ४, ३, २, १ असे लागतील. ते तसेच ठेवायचे, नाहीतर दोघांचा ‘नारळ दोन’ वेगळा होईल.

चिकटपट्टीवरचं ब्रेल इथल्या दमटपणात कोपऱ्यातून सुटतं आणि चाळा म्हणून बोटांनीच सोललं जातं. म्हणून लाकडात दीड मिमीची भोकं पाडून त्यात तेवढ्याच स्टेनलेस स्टीलच्या गोळ्या इपॉक्सीने बसवल्या, सुमारे अर्धा मिमी वर. बिंदूंमधलं अंतर अडीच मिमी. मापासाठी ब्रेल पाटीचीच एक खिडकी साचा म्हणून वापरली, आणि तिथेच घसरलो. पाटीवर लिहिताना कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं टोचतात. सवयीच्या हाताने लाकडावरही तसंच टोचलं. न (१-३-४-५) चा ड (१-२-४-६) झाला आणि आ चा घ. लाकडावर वाचायची बाजूच समोर असते, त्यामुळे बिंदू वाचल्यासारखेच पाडायचे. गोळी बसवण्यापूर्वी ब्रेल वाचणाऱ्याकडून कागदी नमुना तपासून घ्यावा. इपॉक्सी सुकल्यावर गोळी निघत नाही.

अंधुक दिसणाऱ्यांसाठी रंगाचं काम वेगळं. चकचकीत लाख दिसायला सुंदर, पण खिडकीचा उजेड तिच्यावर पडला की पांढरा डाग सोडून काही दिसत नाही. पट मॅट काळा, रेघा पांढऱ्या, बकऱ्या पांढऱ्या, वाघ गडद पिवळे. वाघ तांबडा हवा असा आग्रह होता. काळ्यावर तांबडा अंधुक नजरेला बुडतो, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना तर तो काळाच वाटू शकतो. ज्यांची नजर नळीतून पाहिल्यासारखी आकसलेली असते त्यांना लहान पट सोयीचा, ज्यांचा मधला भाग गेलेला असतो त्यांना मोठा. दोघांचं एका पटावर पूर्ण समाधान होत नाही. उजेड मात्र सगळ्यांसाठी खेळाडूच्या पाठीमागून किंवा बाजूने. समोर खिडकी नको.

हाताचा नियम बुद्धिबळातून उचलला. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत दृष्टिहीन खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे: पट किमान २० × २० सेंमी, काळी घरं किंचित उचललेली, प्रत्येक घराला भोक, प्रत्येक मोहऱ्याला खुंटी, काळ्या मोहऱ्यांवर खूण. मोहरा भोकातून बाहेर आला तरच त्याला हात लावला असं धरतात. नुसतं चाचपणं मोकळं. आम्ही आणखी दोन गोष्टी ठेवल्या. चाल मोठ्याने सांगायची, हेही फिडेचंच: ‘बकरी, फणस दोन’. आणि एकाचे हात पटावर असताना दुसऱ्याचे मांडीवर. हा दुसरा नियम डोळस खेळाडू सारखा मोडतात, कारण त्यांना तो नियम वाटतच नाही.

नियमपत्रिका लिहिताना ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ हे शब्द आले की समजावं, परत लिहायचं आहे. पटाचं वर्णन हात फिरेल त्या क्रमाने: आधी काठ, मग कोपरे, मग मध्य. फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) रोमन अक्षरांचा कचरा म्हणून वाचतो, आणि स्कॅन केलेलं पान तर त्याला चित्रच. सोबत सहा-सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण, प्रत्येक नियमाचा वेगळा तुकडा, म्हणजे भांडण झालं की तेवढाच ऐकता येतो.

चाचणी डोळ्यांवर पट्टी बांधून करू नये. पट्टी बांधलेला डोळस माणूस स्पर्शात अडाणी असतो. त्याला जे कठीण वाटतं ते सवयीच्या बोटांना कठीण नसतं, आणि उलटही. उंच वाघाची कल्पना पट्टीवाल्यांनी नापास केली होती. खरे खेळाडू बसवावेत, आपण हात मागे बांधून गप्प राहावं आणि फक्त एवढंच टिपावं की कुठल्या क्षणी त्यांनी प्रश्न विचारला. प्रत्येक प्रश्न म्हणजे पटाची एक उणीव. ‘वाघ खंय आसा?’ (वाघ कुठे आहे?) हा प्रश्न बंद झाला तेव्हा उंची बरोबर बसली हे कळलं.

याच सामानात सापशिडीही करून पाहिली, तिचं थोडं. फासा बोटाने वाचायला गेलं की कलंडतो. सहा कवड्या घेतल्या तर तो प्रश्नच उरत नाही: दातेरी फट वर की पाठ वर, हे स्पर्शाला चुकणं अशक्य, आणि पडलेली कवडी सहज कलंडत नाही. उभ्या काठाचं ताट, तळाला रबराचा तुकडा. खेळ मात्र बदलतो. फाशाची सरासरी साडेतीन. कवड्या दोन्ही बाजूंना सारख्या पडतात असं धरलं तरी सरासरी तीन येते, त्यात शून्यही पडू शकतं, आणि सहा चौसष्टात एकदा. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही, असला नियम ठेवला तर संध्याकाळ त्यातच जाईल.

गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, स्पर्शाची करावी ही सूचना इकडे येणारच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२० पानं, आणि पानं गोल. गोल पानाला वरची बाजू नसते, त्यामुळे ब्रेल कुठून वाचायचं तेच ठरत नाही. कडेला खाच द्यावी लागते. शिवाय सगळ्या पानांवर ब्रेल एकाच जागी आलं की गठ्ठा त्या बाजूला फुगून कलतो, आणि टोचलेल्या कागदाच्या पाठीवरचे खळगे समोरच्याच्या बोटांना आपलं पान सांगून टाकतात. बावन्न पत्त्यांत हे निभावतं, एकशेवीसांत नाही. तो बेत बाजूला ठेवला आहे.

पट पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत घाम धरतो. सुती कापडात, उभा, भिंतीपासून बोटभर दूर. दर पंधरवड्याला कोरड्या टूथब्रशने भोकं साफ करायची; वाळूचा एक कण तळाशी बसला तरी खुंटी पूर्ण उतरत नाही, आणि मोहरा जरा वर राहतो.